सहीचें मोल



गेल्या पावसाळ्यांत दहावीच्या वर्गांतील कांहीं मुलें एक अर्ज घेऊन मजकडे आलीं. त्यांच्या गल्लींतील गटार तुंबून सांडपाणी रस्त्यावर येत असे. तें गटार बंदिस्त करावें, अशी नगरपरिषदेस विनंति होती. अर्जाखालीं चाळीस सह्या होत्या. परंतु नीट पाहिलें तों त्यांपैकीं सात एकाच हाताच्या! "शेजारी घरीं नव्हते, म्हणून मींच केल्या," असें एका मुलानें निष्कपटपणें सांगितलें. त्याजवर रागावण्यापेक्षां सही म्हणजे काय हें समजावून देणें मला अधिक अगत्याचें वाटलें. म्हणून जेथें अशा अर्जावरील सहीचें मोल कायद्यानेंच ठरवून दिलें आहे, अशा एका देशाची गोष्ट मीं त्यांस सांगितली. तीच येथें देतों.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मिशिगन नांवाचें एक संस्थान आहे. तेथील ग्रामीण भागाचा स्थानिक कारभार टाउनशिप नांवाच्या संस्था पाहतात. सांडपाण्याचे नळ, रस्ते, पदपथ, रस्त्यावरील दिवे इत्यादि कामें त्यांनीं कशीं करावीं, याविषयीं तेथें १९५४ सालचा १८८ क्रमांकाचा कायदा आहे. त्याचें मुख्य तत्त्व असें कीं, ज्या कामाचा लाभ विशिष्ट वस्तीस होतो, त्याचा खर्च त्या वस्तींतील जमीनमालकांकडून विशेष आकारणीनें वसूल करावा.

प्रथम कामाचा आराखडा व खर्चाचा अंदाज तयार होतो. नंतर वर्तमानपत्रांत दोनदां जाहिरात देऊन व प्रत्येक मालकास पत्र धाडून सभा बोलावितात. त्या सभेच्या वेळेपर्यंत शेंकडा २० हून अधिक जमिनीच्या मालकांनीं लेखी हरकत घेतली, तर काम थांबतें. मग शेंकडा ५० हून अधिक जमिनीच्या मालकांच्या सह्यांचा अर्ज आल्यावांचून मंडळास पुढें जातां येत नाहीं. सांडपाण्याच्या नळांसारख्या कामांत हें प्रमाण क्षेत्रफळावरून काढतात. रस्त्याच्या कामांत तें रस्त्यालगतच्या लांबीवरून काढतात. काम ठरल्यावर प्रत्येकाच्या आकारणीची यादी होते व तिजवर पुन्हा एक सभा भरते. आकारणी वार्षिक हप्त्यांनीं देतां येते. न दिल्यास तिचा बोजा जमिनीवर राहतो.

आतां थोडें गणित करूं. एका रस्त्यालगत दहा मालक आहेत असें समजा. नऊ जणांची प्रत्येकीं १०० फूट लांबी आहे आणि दहाव्याची एकट्याची १,१०० फूट. एकूण २,००० फूट झाले. चार लहान मालकांनीं हरकत घेतली तर ४०० फूट, म्हणजे बरोबर शेंकडा २० होतात. कायदा 'हून अधिक' म्हणतो. सबब ही हरकत पुरी पडत नाहीं. पांचवा मिळाला कीं ती पुरी पडते. आतां नऊही जणांनीं रस्ता हवा म्हणून सह्या केल्या, तरी ते शेंकडा ४५ च, अर्ज अपुरा! उलट दहाव्यानें एकट्यानें सही केली कीं शेंकडा ५५ होऊन अर्ज पुरा!

हें ऐकून वर्गांतील एक मुलगा उभा राहिला. त्याचें कुटुंब भाड्याच्या खोलींत राहतें. तो म्हणाला, "सर, मग तेथें आमची सही धरणार नाहींत?" मीं उत्तर दिलें, "नाहीं. भाडेकऱ्याचा तेथें एक फूटही मोजला जात नाहीं." वर्ग क्षणभर स्तब्ध झाला.

या नियमास कारण आहे. खर्चाचा भार ज्याच्या जमिनीवर पडावयाचा, त्याचा शब्द मोजावा, हें न्यायाचेंच आहे. शिवाय बहुमत झालें म्हणून वाटेल तेवढी आकारणी करतां येत नाहीं. नोव्ही या शहरांतील एका रस्त्याच्या आकारणीवरून खटला झाला, तेव्हां १९८६ सालीं मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं, आकारणीची रक्कम व कामामुळें जमिनीची वाढणारी किंमत यांत वाजवी प्रमाण असलें पाहिजे. तथापि चिखल भाडेकऱ्याच्या पायांसही लागतो, हेंही खरें.

आपल्याकडे माप निराळें आहे. तुमच्यापैकीं पुष्कळजण खेड्यांतून येतात. तेथील ग्रामसभेंत, गांवच्या मतदारयादींत नांव असलेला प्रत्येकजण सभासद असतो. शंभर एकरांच्या धन्याचा हात एक व भूमिहीन मजुराचा हातही एकच. हा अधिकार थोर आहे. परंतु आपण त्याचें काय करतों? महाराष्ट्रांत ग्रामसभेच्या गणपूर्तीस एकूण मतदारांपैकीं शेंकडा १५ किंवा १०० यांपैकीं जी संख्या कमी असेल तेवढे लोक पुरे होतात. तेवढेही न जमल्यानें सभा तहकूब होते, असें अनेकदां घडतें. तेथें सहीबरोबर पैसा द्यावा लागतो, म्हणून मनुष्य दहा वेळां विचार करतो. येथें सही फुकट, म्हणून ती कोणीही कोणाचीही करतो!

मुलांनीं तो अर्ज आपण होऊन फाडला. मग त्यांनीं गटाराची लांबी मोजली, कोठें तुंबतें तें लिहून काढलें व घरोघर जाऊन अर्ज वाचून दाखविला. एका आजीबाईंनीं विचारलें, "गटार झांकल्यावर तें साफ कसें करणार?" हा प्रश्न कोणास सुचलाच नव्हता, तेव्हां जागोजागीं उघडतां येणारीं झांकणें असावींत, अशी मागणी अर्जांत घातली. या वेळीं सह्या एकतीसच भरल्या. परंतु त्यांत भाड्याच्या खोल्यांतील माणसें होतीं, आणि प्रत्येक सही ज्याची त्याचीच होती.

गटाराचें काम अद्याप व्हावयाचें आहे; मुलें आपल्या अर्जाची पोंच जपून विचारणा करीत आहेत. मित्रहो, उद्यां तुम्हांपुढें कोणी कागद ठेवील तेव्हां तीन प्रश्न विचारा: काम कोणतें? खर्च कोणाचा? आणि ज्याची सही येथें मोजली जात नाहीं, असा कोणी या कामामुळें सुखी वा दुःखी होणार आहे काय? उत्तरें मिळालीं कीं मग खुशाल सही करा. पण आपलीच करा.