मुकुटबन : एका गावाच्या भूमीचा अभ्यास

भूगोलाच्या तासास आपण दूरदूरच्या देशांतील नद्या व पर्वत पाठ करतो. परंतु ज्या जमिनीवर आपले अन्न पिकते, तिच्या पोटात काय दडले आहे हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. म्हणून आज एका लहानशा शेतकरी गावाचा विचार करू. यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय भागात, झरी-जामणी तालुक्यात वसलेले मुकुटबन हे ते गाव होय.

प्रथम त्याची जागा नकाशात पाहा. ह्या भागाच्या दक्षिणेस पैनगंगा वाहते व पुढे वढा-जुगाद येथे वर्धा नदीस मिळते. पैनगंगेपलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा आहे. त्यामुळे ह्या सीमाभागात मराठीबरोबर तेलुगू, गोंडी व कोलामी ह्या भाषाही कानी पडतात. कोलाम बांधव आपल्या वस्तीस 'पोड' म्हणतात. त्यांची कोलामी ही तेलुगूप्रमाणेच द्राविड कुळातील भाषा आहे.

आता इतिहास. चांद्याच्या गोंड राजांची सत्ता एके काळी ह्या पट्ट्यावर होती. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. पुढे ह्या जिल्ह्यास वणी हे नाव होते. ते १९०५ साली बदलून यवतमाळ झाले. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. राज्ये बदलली, तरी कुणब्याचा नांगर त्याच मातीत चालत राहिला.

ती माती कोणती? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारस पसरला; त्याचा खडक झिजून काळी जमीन झाली. ही जमीन पाणी धरून ठेवते, म्हणून पाऊस उघडल्यावरही कापसाच्या खोल मुळांस ओल मिळते. कापसाच्या ओळींत तूर पेरण्याची रीतही शहाणपणाची आहे; तुरीच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र धरतात.

ह्या मुलखात लाव्हाहूनही जुने खडक आहेत. त्यांत चुनखडी आहे, आणि मार्की-मांगलीच्या परिसरात दगडी कोळसाही आहे. माजरी-आदिलाबाद लोहमार्ग मुकुटबनवरून जातो. बिर्ला समूहाच्या येथील सिमेंट कारखान्यात २०२२ साली उत्पादन सुरू झाले. त्याची क्षमता वर्षाला ३९ लक्ष टन आहे.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. चुनखडी व कोळसा एकदा काढला की संपला. माती मात्र राखली तर दरवर्षी पीक देते. म्हणून कारखाना वाईट व शेती चांगली, असा सोपा निवाडा करू नये. कारखान्यामुळे काहींना मजुरी मिळते. उलट कोरडवाहू शेती पावसावर अवलंबून आहे. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कापसाची मोठी हानी केली, आणि त्याच वर्षी फवारणीच्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. परंतु जमिनीची किंमत एकदाच हाती येते व खर्चून जाते, हा हिशेब विकण्यापूर्वी प्रत्येक घराने मांडावा.

पालकांस विनंती अशी की, सातबारा कसा वाचावा हे मुलांस आणि मुलींसही शिकवावे. तसेच फवारणीच्या वेळी तोंड व हात झाकावे, वाऱ्याकडे तोंड करून फवारू नये, आणि औषधाचे रिकामे डबे घरात वापरू नयेत.

विद्यार्थ्यांनी सुट्टीत तीन कामे करावी : आपल्या गावाचा नकाशा काढून त्यात ओढे व विहिरी दाखवाव्या, पूर्वी कोणती पिके होती हे वडीलधाऱ्यांस विचारून लिहावे, आणि विहिरीच्या खोदकामात कोणकोणते थर लागले ते नोंदवावे. ज्यास आपल्या जमिनीचे मोल कळते, त्यास ती कोणी फसवून घेऊ शकत नाही.