ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स बदलायचा की मॅन्युअल करायचा? आधी हिशोब मांडा



2014 साली मारुती सेलेरिओ आली आणि सामान्य माणसाच्या बजेटमध्ये क्लच पेडल नसलेली एएमटी गाडी मिळू लागली. 2015 मध्ये टाटा नॅनोतही एएमटी आला. त्या काळातल्या गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हातात आहेत. जळकोट, उदगीर, अहमदपूर, मुखेड भागात ज्याला गॅरेज टाकायचंय किंवा जुन्या गाड्या घेऊन विकायच्यात, त्याच्या दारात अशी गाडी आज ना उद्या येणारच. मालक म्हणणार, "गिअर पडत नाही. मॅन्युअल करून टाका की एकदाचं!"

इथं लगेच "हो" म्हणू नका. आजचा धडा एवढाच: गिअरबॉक्स खोलण्याआधी तपासणी करा आणि हिशोब मांडा. पैसा तिथंच वाचतो.

1) कोणता ऑटोमॅटिक आहे, ते ओळखा

- एएमटी: आतला गिअरबॉक्स मॅन्युअलच असतो. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम ॲक्च्युएटर करतो. त्यामुळे "गिअरबॉक्स गेला" असं वाटलं तरी बऱ्याचदा क्लच प्लेट झिजलेली असते, ॲक्च्युएटर बिघडलेला असतो किंवा सेन्सर चुकीचं सांगत असतो. क्लच सेट बदलून स्कॅनरने कॅलिब्रेशन केलं की काम होऊ शकतं.
- टॉर्क कन्व्हर्टर: हा ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल काळं पडलं असेल आणि जळका वास येत असेल तर आतल्या क्लच प्लेट जळाल्याची शंका घ्या.
- सीव्हीटी: यात गिअरचे दाते नसतात, पट्टा आणि पुली असते. याचं ऑइल वेगळं असतं. साधं गिअर ऑइल टाकलं तर चांगला गिअरबॉक्सही खराब होतो.
- डीसीटी: यात दोन क्लच आणि भरपूर इलेक्ट्रॉनिक्स असतं. अनुभव नसेल तर हात लावू नका, जाणकाराकडे पाठवा.

बंद पडलेली ऑटोमॅटिक गाडी लातूरला किंवा हैदराबादला न्यायची असेल तर दोरी बांधून ओढू नका. इंजिन बंद असलं की ऑइल पंप फिरत नाही, आणि कोरड्या गिअरबॉक्सचं नुकसान वाढतं. गाडी उचलून न्या.

2) तीन मार्ग, तीन हिशोब

समजा, एक बिघडलेली एएमटी गाडी तुम्ही 1,80,000 रुपयांना घेतली. चालू स्थितीत ती 3,00,000 ला जाते. (आकडे समजण्यासाठी घेतलेत, तुमच्या बाजारातले टाका.)

- दुरुस्ती: क्लच सेट, कॅलिब्रेशन, मजुरी 30,000. एकूण 2,10,000. विक्री 3,00,000. शिल्लक 90,000.
- जुना गिअरबॉक्स बसवणं: 70,000. एकूण 2,50,000. बदललेला गिअरबॉक्स म्हणून विक्री 2,85,000. शिल्लक 35,000.
- मॅन्युअल करणं: 75,000. एकूण 2,55,000. पण "कंपनीची नाही, जुगाड केलेली गाडी" म्हणून विक्री 2,45,000. तोटा 10,000.

बघा, कन्व्हर्जनचा खरा खर्च बिलात दिसत नाही. तो गाडी विकताना दिसतो.

3) मॅन्युअल करायला काय काय लागतं?

लोकांना वाटतं, गिअरबॉक्स काढला, दुसरा बसवला, झालं. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत यादी मोठी होते: क्लच पेडल, फ्लायव्हील, प्रेशर प्लेट, क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, गिअर लिव्हर आणि केबल, माउंटिंग, काही गाड्यांत ड्राइव्ह शाफ्टही. त्यानंतर वायरिंग. ऑटोमॅटिक गाडी पी किंवा एन वर असल्याशिवाय स्टार्ट होत नाही, ती जोडणी बदलावी लागते. इंजिनचा ईसीयू गिअरबॉक्सच्या सिग्नलची वाट बघतो. सिग्नल मिळाला नाही तर चेक लाइट लागतो, गाडीची ताकद कमी होते. हे सगळं तेव्हाच जमतं, जेव्हा त्याच मॉडेलची मॅन्युअल गाडी कंपनीने विकलेली असते आणि तशाच एका गाडीचे सगळे पार्ट एकत्र मिळतात.

4) कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार, नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. तुमचं कन्व्हर्जन यात बसतं का, हे गॅरेजमध्ये बसून ठरवू नका. आरसीवर व्हेरियंटचं नाव बघा आणि मालकाला आरटीओ व विमा कंपनी, दोघांना लेखी विचारायला लावा. उद्या अपघात झाला आणि क्लेम अडकला, तर मालक पहिला तुमच्याच दारात येईल.

5) गॅरेजवाल्याने पाळायचे नियम

- तपासणीची फी आधी सांगा आणि घ्या. निदान हीसुद्धा विकायची सेवा आहे.
- जॉब कार्डवर तक्रार, किलोमीटर, स्कॅनरचे कोड आणि अंदाजित खर्च लिहा, मालकाची सही घ्या. खर्च वाढला तर पुन्हा विचारा.
- जुना गिअरबॉक्स घेताना तोच इंजिन प्रकार आणि तोच पार्ट नंबर आहे का बघा. चालवून तपासायला किती दिवस, परत घेणार का, हे बिलावर लिहून घ्या.
- जितकी वॉरंटी तुम्हाला मिळते, त्याहून जास्त गिऱ्हाइकाला देऊ नका.

तालुक्याच्या गावात जाहिरातीपेक्षा तोंडी बातमी लवकर पोचते. "त्यानं गिअरबॉक्स बदलायला लावला नाही, क्लचमध्येच काम केलं," असं एका मालकाने चहाच्या टपरीवर सांगितलं, तरी पुढची चार गिऱ्हाइकं तुमचीच.

गृहपाठ: तुमच्या गावात फिरणाऱ्या पाच ऑटोमॅटिक गाड्या लिहून काढा. प्रत्येकीसमोर गिअरबॉक्सचा प्रकार, लागणारं ऑइल आणि पार्ट मिळण्याचं सगळ्यात जवळचं ठिकाण लिहा. कोणत्या गाडीचं काम घ्यायचं आणि कोणती पुढे पाठवायची, हे त्या कागदावरच दिसेल.