सीट नंतर, लस आधी

नीटचा निकाल लागला की आठ दिवसांत फोन सुरू होतात. केज असो, माजलगाव असो, गेवराई, परळी की आष्टी, पहिलं वाक्य ठरलेलं: "सर, एमबीबीएस तर हुकलं, बीडीएस भेटंल का?" त्यामागोमाग कटऑफ, मॅनेजमेंट कोटा, हप्त्यानं फी घेतात का, दवाखाना टाकायला किती लागतात. मुलगी असेल तर वडील हमखास विचारतात, "दाताच्या डॉक्टरला रातपाळी नसती ना?" एक प्रश्न मात्र कुणी विचारत नाही: पोराला हिपॅटायटिस बीची लस झालीय का?

प्रवेशाचा रस्ता दोन ओळींत सांगतो, कारण तो सगळ्यांना पाठ आहे. नीट, मग राज्याच्या सीईटी सेलच्या कॅप फेऱ्या, चार वर्षं अभ्यास, एक वर्ष इंटर्नशिप. जुनी सरकारी दंत महाविद्यालयं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला; खासगी महाविद्यालय बीडलाही आहे आणि लातूरलाही. बाकी तपशील सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेत मिळतो, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

आता स्पष्ट बोलतो. एमबीबीएस मिळालं नाही म्हणून बीडीएस, हा विचारच मला मान्य नाही. 'नावापुढं डॉक्टर तर लागंल' एवढ्यासाठी दोन एकर विकून पोराला खुर्चीशेजारी उभं करू नका. दंतवैद्यकी हे हाताचं काम आहे. दिवसभर मान वाकवून, दुसऱ्याच्या तोंडात बोटं घालून, बोटभर जागेत धारदार हत्यार फिरवायचं. ज्याला हातानं बारीक काम करायला आवडतं, रक्त-लाळ पाहून मळमळत नाही, त्याच्यासाठी हा उत्तम पेशा आहे. ज्याला तिथं ढकललंय, त्याचं लक्ष उडालेलं असतं, आणि लक्ष उडालं की सुई बोटात जाते. पैसे भरण्याआधी पोराला ओळखीच्या दवाखान्यात दोन दिवस नुसतं पाहायला बसवा. दाढ काढताना तो तोंड फिरवतोय की पुढं होऊन बघतोय, एवढं पाहिलं तरी निम्मा निर्णय होतो.

बोटात जाणाऱ्या त्या सुईबद्दलच जास्त लिहायचं आहे. दंतवैद्याचा डावा हात रुग्णाचा गाल धरून असतो आणि उजव्या हातात सुई, प्रोब किंवा फिरतं बर असतं. रुग्ण दचकतो, जीभ मारतो, आणि डाव्या अंगठ्याला किंवा तर्जनीला टोचतं. भूल दिल्यावर सुईला टोपण दोन्ही हातांनी बसवायची खोड असते, त्यातही टोचतं. दाताची तार कापताना टोचतं, हत्यारं धुताना टोचतं. लस न घेतलेल्या माणसाला बाधित रुग्णाची सुई टोचली तर एचआयव्ही लागण्याची शक्यता हजारात तीन, हिपॅटायटिस सीची शंभरात सुमारे दोन. हिपॅटायटिस बीची मात्र शंभरात सहापासून तीसपर्यंत. आपल्याकडे सगळी भीती एचआयव्हीची आणि निष्काळजीपणा हिपॅटायटिस बीबाबत. हा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस तग धरतो. टेबलावर, ड्रॉवरच्या कडीवर, नीट न धुतलेल्या हत्यारावर, डोळ्यांना न दिसणाऱ्या थेंबात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात सुमारे तीन कोटी लोक हिपॅटायटिस बी घेऊन जगत होते. म्हणजे साधारण पन्नासात एक. बऱ्याच जणांना ते ठाऊकच नसतं, कारण त्रास काही होत नाही. चालणाऱ्या दवाखान्यात असा एक रुग्ण आठवड्याभरात खुर्चीत बसून जात असेल, आणि डॉक्टरला त्याचा पत्ता नसेल.

गावाकडं याला पांढरी कावीळ म्हणतात आणि उपचार तेच करतात जे साध्या काविळीला करतात: मुळी, माळ, नाकात रस, कावीळ उतरवून देणारा बाबा. पाण्यातून पसरणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप जाते, म्हणून त्या बाबाला यश मिळतं. हिपॅटायटिस बी अंगात ठाण मांडून बसला तर डोळे पिवळे होतातच असं नाही. वीस-पंचवीस वर्षं तो यकृत पोखरत राहतो आणि पुढं सिरॉसिस किंवा कर्करोग म्हणून समोर येतो. गुजरातमध्ये मोडासा भागात २००९ साली याच विषाणूची साथ आली, पुन्हा पुन्हा वापरलेल्या सुयांमुळे, आणि त्यात अनेकांचे जीव गेले. एक सुई किती घरं उजाड करू शकते ते तेव्हा दिसलं.

यावर लस आहे, आणि ती चाळीसहून जास्त वर्षं जगात वापरात आहे. बारूक ब्लमबर्ग यांनी १९६० च्या दशकात हा विषाणू ओळखण्याची वाट दाखवली, १९७६ साली त्यांना नोबेल मिळालं. पहिली लस १९८१ मध्ये आली, तेव्हा ती माणसाच्या रक्तद्रवापासून बनत असे. १९८६ पासून ती यीस्टमध्ये तयार होऊ लागली. भारतात १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनं देशी लस काढली आणि किंमत कोसळली. लस येण्याआधी पाश्चात्त्य देशांतल्या दंतवैद्यांत हा संसर्ग सामान्य लोकांच्या कितीतरी पट होता, लसीनं तो खाली आणला.

तरीही "आमच्या पोराला लहानपणी सगळ्या लसी झाल्यात" हे उत्तर मी मान्य करत नाही. सरकारी लसीकरणात ही लस देशभर लागू झाली ती २०११ साली. त्याआधी ती निवडक भागांपुरती होती. आज बारावी झालेलं पोर २००७-०८ च्या आसपास जन्मलेलं असतं. त्याला पोलिओ मिळाला असेल, गोवर मिळाला असेल, हिपॅटायटिस बी मिळाली की नाही हे कार्ड पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. ज्या घरातले आई-वडील सहा महिने ऊसतोडीला कारखान्यावर असतात, तिथं तर कार्डच हरवलेलं असतं. कार्ड नसेल तर लस झालीच नाही असं धरा आणि पहिल्यापासून सुरुवात करा. पुन्हा घेतल्यानं कुणाला अपाय होत नाही.

तीन डोस असतात: पहिला आज, दुसरा महिन्यानं, तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी. जूनमध्ये सुरू केलं तर डिसेंबरमध्ये पूर्ण. मधला डोस चुकला तर चुकला, राहिलेला घ्या, पहिल्यापासून मोजायची गरज नाही. इंजेक्शन दंडातच हवं. आपल्याकडं कमरेत सुई घेतल्याशिवाय लोकांना दवाखान्यात गेल्यासारखं वाटत नाही, पण ही लस कमरेत दिली तर तिचा परिणाम कमी पडतो. आणि लस कुठं ठेवली होती ते विचारा. दोन ते आठ अंश तापमान हवं. फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात गोठलेली लस ही वाया गेलेली लस. दुकानदाराला असं विचारायला लाजू नका.

यानंतरची एक पायरी बहुतेक जण सोडतात, डॉक्टर झालेले लोकसुद्धा. तिसऱ्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी रक्तातली प्रतिपिंडं मोजायची. या चाचणीला अँटी-एचबीएस टायटर म्हणतात. आकडा दहा किंवा त्याहून जास्त आला तर संरक्षण आहे असं समजतात, आणि निरोगी माणसाला पुढं बूस्टरची गरज राहत नाही, नंतर आकडा खाली गेला तरी शरीराला आठवण राहते. पण शंभरातल्या पाच ते दहा धडधाकट माणसांत तीन डोसनंतरही आकडा दहाच्या वर जात नाही. चाळिशी ओलांडलेले, वजन जास्त असलेले, सिगारेट ओढणारे यांच्यात ते प्रमाण आणखी वाढतं. अशांनी तीन डोसांचा आणखी एक फेरा घ्यायचा आणि पुन्हा मोजायचं. तरीही प्रतिसाद नाही आला तर आपण असुरक्षित आहोत हे माहीत असणं, हेच त्याचं संरक्षण; सुई टोचली की त्यानं तातडीनं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, घ्यायला हवं. 'लस घेतली' आणि 'लस लागू पडली' यात फरक आहे, आणि हा फरक फक्त चाचणी दाखवते. लहानपणी लस झालेल्यांचा आकडा आता कमी दिसू शकतो. त्यांनी एक डोस घेऊन महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा मोजावं.

लस पहिल्या वर्षाआधी कशाला, रुग्ण तर तिसऱ्या वर्षी हाताखाली येतात, असं काही पालक म्हणतात. बीडीएसच्या सुरुवातीच्या वर्षांत मुलं दातांची रचना शिकण्यासाठी काढलेले दात गोळा करत फिरतात. ओळखीच्या दवाखान्यातून डबीत भरून आणलेल्या त्या दातांवर रक्त वाळलेलं असतं. धोका तिथूनच सुरू होतो.

लस सुरू करण्याआधी एचबीएसएजी ही साधी रक्तचाचणी करून घ्या. तिथं एखाद्या घराच्या पायाखालची जमीन सरकते. अहवाल पॉझिटिव्ह येतो आणि बाप मला म्हणतो, "कुणाला सांगू नका सर, पोरीचं लग्न राहिलंय." याच जागी आई-वडील सर्वांत मोठी चूक करतात. अहवाल दडपतात, दुसऱ्या लॅबमध्ये जाऊन नाव बदलून चाचणी करतात, पोरीला रागावतात. ऐका: तान्ह्या बाळाला आईकडून हा विषाणू लागला तर दहांतल्या नऊंमध्ये तो कायमचा राहतो, धडधाकट मोठ्या माणसाला लागला तर शंभरात पाचांपेक्षा कमी जणांत टिकतो. म्हणजे अठरा वर्षांच्या मुलीचा अहवाल पॉझिटिव्ह आला तर तो बहुधा जन्मापासूनचा किंवा बालपणापासूनचा आहे. तिच्या वागण्याशी त्याचा संबंध नाही. आईनं आणि भावंडांनीही चाचणी करायला हवी. २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू आहे, त्यात तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. बीडचं जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय, तिथं चौकशी करा. आणि तिचं करिअरही संपलेलं नाही. अमेरिकेच्या सीडीसीनं २०१२ मध्येच स्पष्ट केलं की केवळ हिपॅटायटिस बी आहे म्हणून कुणाला वैद्यकीय किंवा दंत अभ्यासक्रमातून काढू नये. रक्तातल्या विषाणूचं प्रमाण नियमित मोजत आणि ठरावीक मर्यादेखाली ठेवत काम करता येतं. दडवलेला अहवाल मात्र तिलाही मारतो आणि तिच्या रुग्णांनाही.

ज्यांचं मन दातांच्या कामात आहे पण पाच वर्षं आणि एवढी फी झेपणार नाही, त्यांना मी गेली काही वर्षं एकच गोष्ट सांगत आलोय आणि जवळजवळ कुणी ऐकत नाही. १९४८ च्या दंतवैद्य कायद्यानं दंतवैद्यासोबत डेंटल हायजिनिस्ट आणि डेंटल मेकॅनिक यांच्याही नोंदणीची सोय केली. मेकॅनिकचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, मोजक्याच दंत महाविद्यालयांत. कवळ्या, कॅप, ब्रिज बनवणारे हात कमी आहेत. जिल्ह्यातल्या दवाखान्यांची बरीच मापं बाहेरगावच्या लॅबमध्ये जातात आणि कॅप परत यायला दिवस लागतात. बीडमध्ये लॅब टाकून बारीक, नेटकं काम देणारं पोर उपाशी राहणार नाही. पण 'डॉक्टर' लागत नाही म्हणून बाप नाही म्हणतो आणि तेच पोर तिसऱ्यांदा नीटला बसतं. हा हट्ट सोडा. आणि लॅबमध्ये जाणाऱ्यालाही लस हवीच, कारण माप घेतलेल्या साच्यावर लाळ आणि रक्त येतं.

आधीच दवाखाना चालवणाऱ्यांसाठीही दोन शब्द. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे कचरा हाताळणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देण्याची जबाबदारी दवाखान्याच्या मालकावर आहे. हत्यारं धुणाऱ्या मावशी, सुया गोळा करणारा पोरगा, सगळे त्यात आले. टोचलंच तर जखम पिळू नका, साबणानं वाहत्या पाण्यात धुवा, रुग्णाचं नाव लिहून ठेवा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. इम्युनोग्लोब्युलिन शक्यतो चोवीस तासांत आणि उशीर झाला तरी सात दिवसांच्या आत. दवाखान्याच्या भिंतीवर त्या रुग्णालयाचा नंबर लिहिलेला असू द्या.

प्रवेशाच्या दिवशी महाविद्यालयात फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारा: विद्यार्थ्यांना लस देता का, टायटर मोजता का, आणि एखाद्याला सुई टोचली तर तो कुणाकडं जातो. ज्या ठिकाणी या तिन्हींची उत्तरं लेखी मिळतात तिथं पोराला बेलाशक घाला. उत्तर टाळलं तर लस आणि चाचणी दोन्ही स्वतः करून घ्या, त्याचा खर्च कोचिंगच्या एका महिन्याच्या फीपेक्षा कमी आहे. पहिला डोस कॅपच्या पहिल्या फेरीची वाट न पाहता घेता येतो. बीडीएस मिळालं नाही, नर्सिंगला गेला, लॅबला गेला, फार्मसीला गेला, तरी तो डोस वाया जाणार नाही.