रायफल मुलाच्या मापाची हवी



एअर रायफलच्या वर्गात लहान चणीच्या मुलीचा नेम डळमळला की "हात कमजोर आहे" असे म्हणून सगळे मोकळे होतात. आम्हाला हे पटत नाही. पुष्कळदा हात ठीक असतो, दस्ता लांब असतो. मोठ्यांच्या मापाचा दस्ता खांद्याला लावला की मूल मागे झुकते, मान पुढे ताणते आणि चापापर्यंत जेमतेम बोटाचे टोक पोहोचते. अशा अवस्थेत स्पर्धेचे ६० छर्रे सोडायचे म्हणजे शिक्षाच!

माप प्रशिक्षकांसमोर, रायफल रिकामी असल्याची खात्री करूनच घ्यावे. आधी दस्त्यामागची पट्टी आत सरकवावी. मग गालाचा टेकू इतका उचलावा की मान न वाकवता डोळा साईटच्या रेषेत येईल. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, मग उघडा. साईट शोधावी लागली तर माप चुकले.

१० मीटरच्या स्पर्धेत दुर्बीण चालत नाही, पीप साईट असते. तीही डोळ्याकडे मागे आणता येते. (दुर्बिणीच्या रायफलीतही मान ताणू नये, दुर्बीणच मागे घ्यावी, मात्र धक्क्याने भुवईला लागेल इतकी नको.) वजनाची कमाल मर्यादा ५.५ किलो आहे, पण तेवढे वजन पेललेच पाहिजे असा नियम नाही. नळीवरची जादा वजने काढून ठेवावीत.

विश्वस्त मंडळींना विनंती, ठराविक मापाच्या दोन रायफली घेण्यापेक्षा सरकत्या दस्त्याची एकच घ्यावी. सातवीतली मुलगी आणि अकरावीतला मुलगा, दोघांनाही ती चालेल.