मानेला पट्टा कायमचा नको

प्रश्न : वय ४२. उन्हाळाभर डोक्यावरून हंडे वाहिले, आता भातलावणीत मान आखडते. एक्स-रेत मणके झिजलेले दिसले. पट्टा कायम लावू, की मान मोडून घेऊ?
– एक भगिनी, शहापूर तालुका

उत्तर : ताई, घाबरू नका. चाळिशीनंतर अशी झीज मान न दुखणाऱ्यांच्याही एक्स-रेत दिसते. पट्टा महिनोन्‌महिने लावला तर स्नायू दुबळे होतात. झटक्याने मान मोडून घेणं तर धोक्याचंच. खरा उपाय व्यायाम.

ताठ बसा, नजर समोर. हनुवटी सरळ मागे घ्या, ५ सेकंद धरा, सोडा. सकाळ-संध्याकाळ १०-१० वेळा. कोमट शेकानेही आराम पडेल. लावणीत अधूनमधून उभं राहून पाठ सरळ करा. दुखणं आहे तोवर डोक्यावर हंडा नको. पाणी भरण्याचं काम घरातल्यांनी वाटून घ्यावं.

शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात तपासून घ्या, फिजिओथेरपीची सोय विचारा. हातात मुंग्या, पकड सैल होणं, चालताना तोल जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं किंवा ताप असेल, तर व्यायाम थांबवून लगेच डॉक्टरांना गाठा. एरवी नेमाने व्यायाम केला, तर बहुतेकांना काही आठवड्यांत उतार पडतो.