भिंतीआड जाणारं काम

सांगली,
ता. ८ जुलै

चि. मृणाल हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

काल ताईशी फोनवर बोलणं झालं. डोंबिवलीच्या फ्लॅटची चावी हातात आली आणि यंदाचा गणपती नव्या घरात बसवायचा तुमचा बेत आहे, हे ऐकून फार बरं वाटलं. तिच्याकडूनच कळलं की बेडरूमला एसी, बाथरूमला गिझर, ओट्यावर इंडक्शन असं सगळं ठरलंय. वॉचमनच्या ओळखीचा एक मुलगा चार दिवसांत सगळं वायरिंग करून देतो म्हणतो. टाइल्स आणि फर्निचरसाठी तुम्ही तीन-तीन ठिकाणची कोटेशनं मागवलीत, विजेचं काम मात्र तोंडी हिशेबावर सोडलंत. हे ऐकल्यापासून जिवाला घोर लागलाय. फोनवर हे सगळं धड सांगून होत नाही, म्हणून लिहायला बसलो.

टाइल वाकडी बसली तर दिसते, रंग उडाला तर पुन्हा देता येतो. वायरिंग एकदा भिंतीत गेलं, वरून प्लास्टर झालं की पुढची वीस-पंचवीस वर्षं ते कोणाला दिसत नाही. म्हणून माझं सांगणं एवढंच, की त्या कामाखाली कोणाची तरी सही हवी, आणि सही करणारा माणूस कायद्याने उत्तर द्यायला बांधलेला हवा. परवाना असलेला ठेकेदार गाठ म्हणतो तो यासाठी.

आधी तुझ्या घराचा हिशेब कर. इमारत १९८०च्या दशकातली. त्या काळच्या कित्येक घरांत अ‍ॅल्युमिनियमच्या तारा घातलेल्या आहेत. तेव्हा घरात चार ट्यूबलाइट, तीन पंखे, फ्रिज, टीव्ही आणि इस्त्री एवढंच असायचं, त्यामुळे त्या तारांनी कोणाला त्रास दिला नाही. आता दीड टनाचा एसी साधारण दीड हजार वॉट, गिझर दोन हजार, इंडक्शन दोन हजार. सकाळी घाईच्या वेळी तिन्ही एकदम चालू राहिले तर साडेपाच हजार वॉट झाले, म्हणजे २३० व्होल्टला सुमारे २४ अँपिअर. महावितरणच्या बिलावर ‘मंजूर भार’ लिहिलेला असतो, तो बघ. जुन्या फ्लॅटचा बहुतेक एक-दोन किलोवॉटच असेल. तो वाढवून घ्यावा लागेल, आणि त्या अर्जाला परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट जोडावा लागतो. वॉचमनच्या ओळखीचा मुलगा तो देणार कुठून?

आणखी एक गोष्ट सगळेच विसरतात. घरातलं वायरिंग नवं करतात आणि खाली मीटर रूमपासून फ्लॅटपर्यंत येणारी लाइन जुनीच ठेवतात. मीटरपर्यंतची जबाबदारी महावितरणची, मीटरच्या पुढची आपली. ती लाइन जिन्याच्या भिंतीवरून येत असेल, तर सोसायटीच्या सेक्रेटरींना आत्ताच पत्र दे. मीटरच्या सीलला मात्र कोणालाही हात लावू देऊ नकोस.

आता कायद्याचं. वायरिंगचं काम कोणी करायचं हे सांगणारा ४५ क्रमांकाचा नियम १९५६च्या भारतीय विद्युत नियमांत होता. पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षेचे विनियम २०१० साली आले आणि २०२३ साली ते नव्याने निघाले, पण मूळ अट तीच राहिली. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच जसा होता तसाच बदलायला परवाना लागत नाही. जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदललं, नवीन पॉइंट काढला, लाइन वाढवली, की ते काम परवाना असलेल्या ठेकेदारानेच करायचं, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली, आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्या तारतंत्रीकडेही परवाना हवा. ही रेघ मला फार शहाणपणाची वाटते. बटण बिघडलं म्हणून कोणी ठेकेदार बोलवत नाही आणि बोलवूही नये. तुझं काम मात्र या रेघेच्या पलीकडचं आहे.

आपल्याकडे हे परवाने शासनाचं अनुज्ञापक मंडळ देतं. ठेकेदार आला की त्याच्याकडे परवाना माग. त्यावर नाव, क्रमांक आणि मुदत असते, मुदत संपलेली नाही ना हे बघ आणि मोबाइलवर फोटो काढून ठेव. यात अपमान वाटण्यासारखं काही नाही. चांगला ठेकेदार न मागता दाखवतो. आयटीआयचं प्रमाणपत्र पुढे केलं तर ते वेगळं आहे हे लक्षात ठेव. वीजतंत्री आणि तारतंत्री हे दोन्ही ट्रेड दोन-दोन वर्षांचे, मी जन्मभर तेच शिकवलं. ते प्रमाणपत्र म्हणजे मुलगा शिकला याचा पुरावा. परवाना त्यानंतर वेगळा काढावा लागतो आणि आमची कितीतरी मुलं तो काढायचा कंटाळा करतात.

एका गोष्टीचा मला मनापासून संताप आहे. काही परवानाधारक घरात पाऊल न टाकता टेस्ट रिपोर्टवर सही विकतात. काम कोणी केलं, कसं केलं, त्यांना ठाऊक नसतं, त्यांना फक्त सहीचे पैसे हवे असतात. अशी सही घेऊन तुझा भार वाढेल, पण घर सुरक्षित होणार नाही. म्हणून अट घाल, की रिपोर्टवर सही करणारा माणूस भिंती बुजवण्याआधी एकदा आणि काम संपल्यावर एकदा स्वतः आला पाहिजे. त्याने मेगर आणला पाहिजे. मेगर म्हणजे तारांचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र, ५०० व्होल्टवर किमान एक मेगओहम तरी दाखवलं पाहिजे. नवीन वायरिंगला याच्या कितीतरी वर आकडा येतो. आकडा तू स्वतः बघ आणि रिपोर्टवर तोच लिहिलाय ना तेही बघ.

आता अर्थिंगविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण माणसं मरतात ती इथे. जुन्या घरात तीन पिनचं सॉकेट असतं, पण त्याच्या वरच्या मोठ्या भोकापर्यंत अर्थिंगची तार आलेलीच नसते. अशा ठिकाणी गिझर लावताना घाईतला माणूस काय करतो, तर सॉकेटच्या मागे न्यूट्रलपासून अर्थच्या पिनेपर्यंत तारेचा एक तुकडा जोडून देतो. गिझर चालतो. टेस्टर लावला तर गिझरच्या बॉडीला दिवा लागत नाही. सॉकेटमध्ये खोचायचा तीन दिव्यांचा टेस्टरसुद्धा सगळं बरोबर आहे असंच सांगतो. मग एखाद्या दिवशी मागच्या जंक्शन बॉक्समध्ये न्यूट्रलचा स्क्रू सैल होतो. फेजकडून आलेला करंट गिझरच्या कॉइलमधून न्यूट्रलकडे जातो, परत जायला वाट नाही म्हणून त्या तुकड्यावरून गिझरच्या बॉडीवर येतो, तिथून नळावर. ओल्या फरशीवर उभं राहून नळाला हात लावणाऱ्याला २३० व्होल्ट. एमसीबी पडत नाही, कारण माणूस मारायला ५०-१०० मिलिअँपिअर पुरतात आणि एमसीबी १६ अँपिअरची असते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत अलीकडे दर वर्षी देशभरात विजेच्या धक्क्याने दहा हजारांवर माणसं गेल्याची नोंद असते. म्हणून ठेकेदाराला पहिला प्रश्न हाच विचार: इमारतीची अर्थिंग कुठे आहे, शेवटची कधी तपासली, आणि माझ्या बाथरूमपर्यंत अर्थिंगची हिरवी तार सलग येणार का? उत्तर देताना तो खाली जाऊन अर्थिंगचा खड्डा बघून आला, तर माणूस कामाचा आहे.

एमसीबीचंही तसंच. एमसीबी तारेला वाचवते, माणसाला वाचवणारा आरसीसीबी वेगळा. गेलेला आणि परत आलेला करंट यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो लाइन तोडतो. डीबीत, म्हणजे एमसीबी बसवतात त्या पेटीत, तो असलाच पाहिजे, आणि त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायची सवय लाव. पावसाळ्यात तुमच्याकडे भिंती ओल धरतात, इन्व्हर्टरचा न्यूट्रल घरच्या न्यूट्रलमध्ये मिसळलेला असतो, अशा वेळी आरसीसीबी वरचेवर पडतो. मग कोणीतरी येऊन म्हणतो, “ताई, हा फॉल्टी आहे, डायरेक्ट करून देतो.” त्या माणसाला त्याच पावली परत पाठव. आरसीसीबी पडतो म्हणजे कुठेतरी करंट गळतोय किंवा न्यूट्रल मिसळलाय, ती जागा शोधायची. एमसीबी सारखी पडते म्हणून १६ची काढून ३२ची बसवणाराही तसाच. दीड एमएमच्या तारेवर ३२ची एमसीबी घातली, की २५ अँपिअरला तार पाइपात भाजत राहते आणि एमसीबी खुशाल वर असते. गिझरला आणि एसीला डीबीपासून वेगळी चार एमएमची लाइन काढायला सांग, पॉवर सॉकेटना अडीचची, दिवे-पंख्यांना दीडची. जुनी अ‍ॅल्युमिनियमची तार ठेवून तिला तांब्याची पिळून जोडायला तर अजिबात देऊ नकोस. तो जोड काही काळाने गंजतो, सैल होतो, तापतो.

काम चालू असताना अर्धा तास तिथे उभी राहा. तुला विजेतलं काही कळायची गरज नाही, हात बघ. मी मुलांना सुरुवातीला फक्त तार सोलायला लावायचो. कित्येक पालक तक्रार करायचे की मुलाला काही शिकवत नाहीत. पण सोलताना तांब्यावर चरा पडला तर तार तिथेच तुटते, आणि अडीच एमएमची तार टर्मिनलच्या भोकात जात नाही म्हणून तिचे दोन-चार धागे कात्रीने उडवले, की तेवढ्या जागी ती बारीक होते आणि गरम होते. चांगला कारागीर धागे उडवत नाही. पीळ देतो, टोक दुमडतो, स्क्रू आवळतो आणि मग तार ओढून बघतो. हात घालण्याआधी तो मेन बंद करतो, इन्व्हर्टर असेल तर तोही, आणि टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून टेस्टरच चालतोय ना हे बघतो, मगच बंद लाइनवर लावतो. हे एवढं करणारा दिसला तर त्याला चहा दे आणि घाई करू नकोस.

सामान तू आणि रोहितराव स्वतः दुकानात जाऊन आणा, पक्कं बिल घ्या. तारेच्या नव्वद मीटरच्या बंडलावर आयएसआयचा शिक्का आणि आयएस ६९४ हा क्रमांक बघा. हिरव्या तारेचं बंडल किती लागेल हे ठेकेदाराला आधीच लिहून द्यायला सांगा. पैसे वाचवायची वेळ आली की पहिली कात्री हिरव्या तारेला लागते, हे मी फार ठिकाणी पाहिलंय. हिशेब पॉइंटमागे ठरवणार असाल तर डीबी, अर्थिंग, मीटरपासूनची लाइन आणि टेस्ट रिपोर्ट त्यात धरलेत की वेगळे, तेही कागदावर घ्या. पैसे टप्प्याटप्प्याने द्या, शेवटचा हप्ता रिपोर्ट हातात आल्यावर.

वॉचमनच्या ओळखीच्या त्या मुलाला मात्र तोडून बोलू नकोस. हाताला काम मिळेल तिथे शिकत आलेली अशी खूप मुलं आहेत, त्यांच्यातली कित्येक हुशार असतात आणि त्यांना कोणी रीत शिकवलेली नसते, एवढाच त्यांचा दोष. ठेकेदाराला सांग, की याला हाताखाली घ्या. भिंत फोडणं, पाइप टाकणं, तार ओढणं तो करील, आणि पर्यवेक्षकाच्या नजरेखाली चार गोष्टी शिकेल. शिकलेला असेल तर त्याला तारतंत्रीच्या परवान्याचा अर्ज करायला लाव, कागदपत्रांत अडला तर माझा नंबर दे.

चार दिवसांत हे काम होणार नाही, दोन-तीन आठवडे धर. गणपतीच्या आधी होत असेल तर उत्तमच, नाही झालं तर यंदा गणपती ताईकडेच बसू दे आणि तुम्ही दसऱ्याला राहायला जा. सजावटीच्या माळा लावायच्या म्हणून अर्धवट वायरिंगवर एक्स्टेन्शन ओढून काम भागवू नका.

पाइप टाकून झाले की प्लास्टरआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढ, शेजारी टेप धरून. पुढे खिळा मारताना तोच उपयोगी पडेल. डीबीच्या झाकणाआत कोणती एमसीबी कुठली, हे मराठीत लिहून चिकटवून घे. ठेकेदाराचं कोटेशन आलं की मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव, त्याच्या परवान्याच्या फोटोसकट. इन्व्हर्टर घ्यायचा विचार असेल तर तेही त्यात आधीच लिहायला सांग, म्हणजे त्याच्या लाइनचा न्यूट्रल पहिल्यापासून वेगळा काढता येईल.

रोहितरावांना नमस्कार. कळावे.

तुझा,
मामा