ईसिम आणि प्रवासातील मोबाईल डेटा : काही संज्ञांचा परिचय

गोंदिया जिल्ह्यातील केशोरीहून छत्तीसगडमधील राजनांदगावला जाणाऱ्या प्रवाशाचा मोबाईल महाराष्ट्र सेवाक्षेत्र सोडून मध्य प्रदेश सेवाक्षेत्रात प्रवेश करतो. कारण छत्तीसगडचा समावेश त्याच सेवाक्षेत्रात होतो. मूळ सेवाक्षेत्राबाहेर सेवा घेणे म्हणजे ‘रोमिंग’ होय.

‘ईसिम’ ही संज्ञा याहून निराळी आहे. ईसिम म्हणजे फोनमध्येच कायम बसविलेली चिप. ग्राहकाची ओळख, म्हणजे ‘प्रोफाइल’, तीत इंटरनेटद्वारे उतरवून घ्यावी लागते. त्यासाठी बहुधा ‘क्यूआर कोड’ हा चौकोनी संकेत दिला जातो. चिपचा ३२ अंकी क्रमांक ‘ईआयडी’ होय. १५ अंकी ‘आयएमईआय’ हा फोनचा क्रमांक.

ईसिम घेतल्याने मनोरा जवळ येत नाही. जेथे कंपनीचे संपर्कक्षेत्र नाही, तेथे ईसिमही निरुपयोगी ठरते. संपर्कक्षेत्र असूनही ‘डेटा रोमिंग’ हा पर्याय बंद असल्यास इंटरनेट न चालण्याचा संभव असतो.

वाटेत फोन बिघडल्यास साधे सिम काढून सोबत्याच्या फोनमध्ये घालता येते. ईसिम तसे काढता येत नाही. म्हणून हा बदल प्रवासापूर्वी, इंटरनेटची खात्री असलेल्या ठिकाणीच करावा आणि प्रोफाइल पुसून टाकू नये.

क्यूआर कोड व ओटीपी कोणासही कळवू नयेत. त्यांच्या आधारे आपला क्रमांक परक्याच्या फोनवर जाऊ शकतो आणि त्यासोबत बँकेचे संदेशही. शिक्षक व पंचायत सदस्यांनी ही गोष्ट ग्रामस्थांना आवर्जून समजावून द्यावी.